एक गडवा पाणी

(बालाघाट. वसंताच्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर. वसंता रेल्वेत गँगमन होता; रिटायर झाल्यावर तिरोडीजवळची आपली वस्ती, नवी टोली, सोडून इथं राहायला आलाय. मंजू त्याची बायको. संघमित्रा त्याच्या बहिणीची मुलगी, विद्यापीठात संशोधन करते.)

वसंता : नाई नाई, पुन्हा वाच. त्या कागदावर जे लिहून हाये ते जसंच्या तसं वाच.

संघमित्रा : "विश्वविद्यालय के शोध से हमारी नई टोली को शुद्ध पेयजल मिला. हम सब ग्रामवासी आभारी हैं." इतकंच आहे, मामा. खाली तुमची सही पाहिजे आणि एक फोटो.

वसंता : फोटो हात जोडून का साधा?

संघमित्रा : मामा.

वसंता : नाई, इचारून राह्यलो. आभारी माणसाचे हात कुठं असते ते मालूम पाह्यजे ना. म्हणे यायच्या शोधानं आमाले शुद्ध पाणी भेटलं. नळ आला सतरा साली, पुढं इलेक्शन होतं म्हणून आला. तवा तुमच्या विद्यापीठाचा एक माणूस तोटी धरून उभा नोता.

संघमित्रा : मी कुठं म्हटलं उभा होता. पुढच्या महिन्यात तपासणीवाली टीम येते आहे. विद्यापीठानं समाजासाठी काय काय केलं, याची पुस्तिका छापायची आहे. खेती, तब्येत, इंजिनिअरिंग, भाषा, हर विभागाला पाच-पाच लाभार्थी आणायला सांगितलं. आमच्या विभागाच्या यादीत नवी टोलीचं नाव होतं. मी म्हटलं, तिथं मी जाते, ते माझ्या मामाचं गाव आहे.

मंजू : आन् टोलीत न जाता इतं आली.

संघमित्रा : टोलीत फोन केला होता, मामी. ते म्हणाले, वसंतालाच विचार. तेव्हा समाजाचा अध्यक्ष तोच होता.

वसंता : होतो ना. बारा वर्सं होतो. म्हणून सांगतो, लाभार्थी पाह्यजे असन तर म्या एकटाच पाचाईच्या बरोबर हावो. लिही. पयले ते भाषेवाले आले. म्हणे तुमची बोली मरून राह्यली, आमी तिले वाचवतो. तुया आजीले बसवलं मशीनपुढं. धान लावाचे गाणे, जात्यावरचे गाणे, सारे म्हणाले लावले तिचा गळा बसेपर्यंत. चाय पेले, गेले. बोली इतंच हाये, मी बोलूनच राह्यलो. ते लोक मातर पुन्हा दिसले नाई.

मंजू : पेटीवाले सांगा.

वसंता : मंग इंजिनेरीचे पोट्टे आले. मोहफूल सुकवाची पेटी आनली, सूर्यावर चालनारी. म्या इचारलं, बापा, आमी आंगनात टाकतो ते मोहफूल काहावर सुकते, चंद्रावर? त्या पेटीत आपली काळी कोंबडी अंड्यावर बसली, तेवढा लाभ झाला. कोंबडीची सही घेऊन जा.

मंजू : पिल्लं मातर चांगले निंगाले.

वसंता : आन् ते खेतीवाली बाई. चार दिवस तुया मामीले इचारत बसली का बियानं राखेत कसं ठेवता, कडूलिंबाचा पाला कवा टाकता. दुसऱ्या साली तेच लोक किरनापुरले शिबिर घ्याले आले. तुया मामीले खुर्चीवर बसवून शिकवलं का बियानं राखेत ठेवाचं असते.

मंजू : प्रमाणपत्र बी देल्लं.

संघमित्रा : बरं. आणि अंजूताईचं? तुमच्या लेकीच्या लग्नाआधी तुम्ही नवऱ्या मुलाच्या रक्ताची सिकलसेलची तपासणी करायला लावली ना? ताई वाहक आहे. मुलगाही वाहक निघाला असता तर त्यांचं लेकरू जन्मभर दुखण्यात राहण्याची भीती होती. ती तपासणी कोणी शोधली, मामा? कुठल्या तरी युनिव्हर्सिटीत कोणी तरी वर्षानुवर्षं बसलंच असेल ना रक्ताच्या काचा बघत.

वसंता : ते दवाखान्यातल्या नर्सबाईनं केलं.

संघमित्रा : आणि नर्सबाईला कोणी शिकवलं?

वसंता : तू वाद नोको घालू. तू त्यायचा पगार खाते.

संघमित्रा : शिष्यवृत्ती.

वसंता : तेच. आन् आता हे पाण्यावाले, ज्याईच्यासाठी तू आली. हे तर साऱ्याईच्या वरताण. दोन हजार आठच्या हिवाळ्यात आले, जीपमंधी. एक मोठे सर, टोपी घातलेले, संगं चार पोट्टे-पोट्ट्या. आपल्या विहिरीचं पाणी बाटल्याईत भरलं. लोकायचे केस कापले, नखं कापले, रक्त काढलं. म्हाताऱ्याईले सरळ रेघेवर चालाले लावलं, कागदावर गोल गोल काढाले लावलं. माय बिड्या वळे तर तिच्या बोटाईचे फोटो काढले. सर म्हणे, सहा महिन्यात रिपोर्ट येईन, आमी सोता येऊन सांगू. आज सोळा वर्सं झाले. न्हावी बी नखं कापून तिथंच टाकते, हे आमचे नखं घेऊन गेले.

संघमित्रा : मोठे सर पुन्हा आलेच नाहीत?

वसंता : काहून येईन? त्यायचं काम झालं. माय हात कापता कापता गेली. पाण्यानं झालं, का काहानं झालं, आमाले कोनी सांगतलं नाई. आन् आता म्हणते आभारी व्हा.

मंजू : कोनी नाई सांगतलं?

वसंता : तू भांडे घास.

मंजू : भांडे झाले. म्या इचारलं, कोनी नाई सांगतलं?

वसंता : सर आला होता काय सांगाले? नोता आला.

मंजू : मी सराची गोष्ट नाई करून राह्यली.

संघमित्रा : मामा, मागच्या महिन्यात मला विभागाची जुनी अलमारी साफ करायला लावली होती. बाटल्यांच्या मागे एक डायरी सापडली. गावोगाव फिरून लिहिलेली. साधना नावाच्या मुलीची आहे, २००९ ची. तीन अप्रैलच्या पानावर नवी टोली आहे. तुमचं नाव आहे, आजीचं आहे.

वसंता : मंग तुले सारं मालूमच हाये. घंटाभरापासून मले काहून बोलू देऊन राह्यली?

संघमित्रा : तिनं लिहिलेलं मालूम आहे. तुमचं नाही. आईला विचारलं, तिलाही काही माहीत नाही. नुसत्या सहीसाठी मी दुसऱ्या कोणालाही पाठवलं असतं.

मंजू : सांगा आता. पोरगी आपली हाये.

वसंता : काय सांगाचं. ते त्या जीपवाल्याईतलीच होती. सर्व्याईच्या मांगं बसे, बाटल्याईवर नंबर टाके. कोनाशी बोले नाई. पाच महिन्यानं एकटीच आली. तिरोडी टेसनावून पायी, चैताच्या उन्हाची. चेहरा लाल झालता. म्हणे, साऱ्याईले बोलवा, मले एक गोष्ट सांगाची हाये, सर छापून येईपर्यंत सांगू नोको म्हणते पण मी आली. म्या लोकाईले बोलावलं. विहारापुढं पिंपळाखाली बसले सारे. तिच्यापाशी हातानं लिहून आनलेला एक कागद होता.

संघमित्रा : काय सांगितलं तिनं?

वसंता : म्हणे तुमच्या विहिरीत मँगनीज हाये. खदानीत निंगते तेच, पण हे दगडातून आपोआप पाण्यात उतरते, यात कोनाची चूक नाई. पाण्यात जेवढं चालते त्याच्याहून कितीतरी पट जास्ती हाये. सालोसाल पोटात गेलं तर डोस्क्यात जाऊन बसते. हात कापते, चाल अडकते, लेकराईचं ध्यान लागत नाई. भांड्याले काळं धरते ते तेच, म्हणे. आमी तं तवापर्यंत ते काळं चिंचेनं घासून मोकळे होवो. मंग म्हणे, ही विहीर प्यासाठी बंद करा.

संघमित्रा : आणि पाणी कुठलं प्या?

वसंता : गावातल्या विहिरीचं. ते म्या तपासलं, म्हणे, ते चांगलं हाये.

मंजू : गावातल्या.

वसंता : ते गावातली विहीर कोनती, तुले मालूम हाये काय संघू? तिच्या काठाखाली तुया आजीची सासू ओंजळ धरून उभी राहे. वरून कोनी ओतलं तं ओतलं. दीक्षा घेतल्यावर माह्या बापानं, लहानूनं, आन् दुसऱ्या पाच माणसाईनं दोन उन्हाळे दगड फोडून आपली विहीर खंदली. सब्बल न् घन, मशीन कुठली तवा. एकाचा पाय कायमचा गेला त्याच्यात. काठावर सिमिटात बोटानं लिहिलं होतं, जय भीम, १९५८. आन् हे पोरगी सांगते, ते पाणी सोडा न् त्यायच्या विहिरीवर जा.

संघमित्रा : तिला हे माहीत नव्हतं.

वसंता : नोतं ना. मँगनीज किती ते पक्कं मालूम होतं, विहीर कोनाची ते मालूम नोतं. हेच तर म्हणतो मी तुमच्या विद्यापीठाले. पाणी मोजता आन् निंगून जाता.

मंजू : पुढं सांगा.

वसंता : म्या तिले आडनाव इचारलं. तिनं सांगतलं. गावच्या पाटलाच्याच समाजाचं निंगालं. सारे हासले. म्या उभा झालो. तवा मले भाषण देता ये. म्हणलं, यायच्या बापजाद्याईनं आमाले आपलं पाणी शिवू देल्लं नाई, आन् आता आमी आमचं पाणी काढलं तर तेही सोडा म्हणून सांगाले आले. विहिरीतून बादली वढली आन् गडवाभर पाणी साऱ्याईपुढं गटगट पेलो. टाळ्या पडल्या.

मंजू : म्या बी वाजवल्या.

वसंता : मंग दुसरा गडवा भरला न् तिच्यापुढं धरला. म्हणलं, आमच्या हातचं पाणी चालत असन तर पे.

संघमित्रा : आणि ती प्यायली.

वसंता : पेली. पूरा गडवा. एक थेंब सांडू देल्ला नाई. पेताना माह्याकडंच पाहे. गडवा खाली ठेवला, तोंड पुसलं. तेवढ्यात मांगून कोनीतरी म्हणलं, जहर असतं तर पेली असती काय? झालं. बैठक खतम. लोक उठले. ते बोलतच होती, एका गडव्यानं काही होत नाई, बारा महिने, सालोसाल असं काही. कोन आयकते.

मंजू : कोनीतरी नाई. तुमीच म्हणलं.

वसंता : हौ. म्याच म्हणलं.

संघमित्रा : त्या पानाच्या शेवटी दोन ओळी आहेत. "नहीं पीती तो बात वहीं खत्म थी. पी लिया, तो भी खत्म हो गई."

वसंता : हुशार होती.

मंजू : संघू, त्याच्यानंतरचं मी सांगतो. तुया आजीनं तिले घरी आनलं. भाकर देल्ली, लसनाची चटनी देल्ली. ते पोरगी जेवली आन् मंग आजीचे बोटं आपल्या हातात घेऊन पाहे. इचारलं, आई, बिडीले धागा बांधताना अंगठा हालते का? आजी म्हणे, हालते, दोन महिने झाले. तिनं यायले आत बोलावलं. म्हणे, आईले नागपूरले दाखवा. आन् टोलीनं नाई आयकलं तर नोको, तुमच्या घरी तरी हे पाणी बंद करा, आई दिवसभर घरीच बसते, साऱ्याईत जास्ती त्याच पेते. तो कागद यायच्या हातात देल्ला.

संघमित्रा : तुम्ही घेतला?

वसंता : घेतला. न घेतला तर जायेनाच ते. घेतला न् मायच्या बिडीच्या सुपात फेकला. कवातरी चुलीत गेला असन.

संघमित्रा : आणि आजी?

वसंता : दोन सालात तिच्यानं धागा बांधवेना. सबंध टोलीत तिच्यासारखी बिडी कोनी वळे नाई, आन् ठेकेदार तिची निम्मी बिडी छाट म्हणून फेके. मंग चाल बिघडली. पाय जमिनीले चिपकल्यासारखे. चेहऱ्यावरचं हासू गेलं. मनात हासे ते, पण तोंडावर दिसे नाई. टोलीतले काही लोक म्हणत, म्हातारी चोरून दारू पेते. जिनं जलमात शिवली नाई तिले.

संघमित्रा : मला आजीचा तो चेहरा आठवतो. मला वाटायचं ती माझ्यावर रागावली आहे.

मंजू : नाई वं. तू आली का ते दोन दिवस तुयाच गोष्टी करे.

वसंता : चौदा साली नागपूरले नेलं. डॉक्टर तरना होता. त्यानं पयले गावच इचारलं. म्हणलं, तिरोडीकडं. पाणी कोनतं पेता? म्हणलं, विहिरीचं. तो लिहिता लिहिता थांबला. म्हणे, तुमाले आतापर्यंत कोनीच काही सांगतलं नाई काय?

संघमित्रा : तुम्ही काय सांगितलं?

वसंता : म्हणलं, कोनी नाई सांगतलं.

मंजू : तवापासून हेच सांगून राह्यले. जो येईन त्याले.

संघमित्रा : पण तिथून आल्यावर तरी विहीर बंद केली असेल तुम्ही.

वसंता : घरची केली.

संघमित्रा : मतलब?

वसंता : डूटीवून येताना टेसनाचं पाणी डब्यानं आनो, सायकलले बांधून. मी तसाबी दिवसभर लाइनवर बाहेरचंच पाणी पेवो, म्हणून मले काही झालं नोतं. आता घरच्याईलेही तेच.

संघमित्रा : आणि टोली?

मंजू : लोक पुसत, काहून बा रोज डबे? हे म्हणत, टेसनाच्या पाण्यात दाळ लवकर शिजते.

संघमित्रा : मामा, नळ सतरा साली आला. म्हणजे तीन वर्षं.

वसंता : हौ. तीन वर्सं. मले मालूम होतं आन् टोली पेत होती. सांगाचं म्हणलं तर पिंपळाखाली पुन्हा उभं होऊन सांगा लागे, का ते पोरगी खरी होती न् अध्यक्ष खोटा. तुमच्या सरानं छापून येईपर्यंत थांबाचं म्हणलं. म्या तं नुसतं आपलं नाक वर राहावं म्हणून थांबलो. त्याले टोपी होती, मले ते बी नोती.

संघमित्रा : मामा, मी तुम्हाला ऐकवायला नाही आले.

वसंता : मालूम हाये. तू बोलली असती तर बरं झालं असतं. त्या पोरीचं काय झालं मंग? मोठी मॅडम झाली असन.

संघमित्रा : नाही. ती न विचारता गावात गेली, छापायच्या आधी आकडे बाहेर सांगितले, म्हणून मोठ्या सरांनी तिला काढून टाकलं. तिचं संशोधन तिथंच राहिलं. सरांचा लेख दोन वर्षांनी छापून आला. त्यात टोलीचे आकडे आहेत, तिचं नाव नाही. त्याच लेखावरून पुस्तिकेत लिहिणार आहेत, की आमच्या शोधामुळे गावाला पाणी मिळालं. वरती सरांचा फोटो.

वसंता : टोपीवाला?

संघमित्रा : हो, टोपीवालाच. आणि माझे गाइड त्यांचेच विद्यार्थी आहेत. सोमवारी हा कागद दिला नाही तर मला बोलावतील.

मंजू : तुयं शिक्षण थांबवतीन काय?

संघमित्रा : थांबवणार नाहीत. लटकवतील. एक-एक सहीसाठी सहा-सहा महिने.

वसंता : आन इकडं तो कागद. पेन दे.

संघमित्रा : मामा, तुम्ही नका करू सही. मला ती नकोच आहे आता.

वसंता : सही नाई करून राह्यलो. छापलेलं खोडतो न् खाली लिहितो. वाच पाहू, माही हिंदी बरोबर हाये काय.

संघमित्रा : "हमको बताया गया था. तीन अप्रैल दो हजार नौ को, साधना नाम की लड़की ने, पैदल आकर. हमने नहीं सुना. मैंने सुनने नहीं दिया." मामा, हे ते कधीच छापणार नाहीत.

वसंता : नोको छापू म्हणा. त्यायनं आतापर्यंत छापलं तेच बक्कळ झालं. तू देशील काय?

संघमित्रा : देते. जसंच्या तसं देते. सोबत डायरीच्या त्या पानाची फोटोकॉपी लावते.

मंजू : आन् लटकवलं तर?

संघमित्रा : लटकवलं तर इथं येऊन राहीन, मामी. बियाणं राखेत कसं ठेवतात ते शिकेन.

वसंता : हासू नोको तिले, मंजू. ते खरंच करन. ते साधना आता राहते कुठं? मालूम हाये काय तुले?

संघमित्रा : लांजीला. हायर सेकंडरीत केमिस्ट्री शिकवतात. डायरीत घरचा जुना नंबर होता, त्यावरून शोधलं. मागच्या आठवड्यात बोलले मी त्यांच्याशी.

वसंता : काय म्हणे?

संघमित्रा : नाव सांगितलं, नवी टोली माझं आजोळ आहे म्हटलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं की ती विहीर बंद झाली का. मी म्हटलं, झाली. मग विचारलं, त्या बिडीवाल्या आई कशा आहेत.

मंजू : सांगतलं?

संघमित्रा : सांगितलं. मग म्हणाल्या, माझा तास आहे, मुलं वाट बघत आहेत.

वसंता : लांजीच्या बसा आता नव्या स्टँडवून सुटते का जुन्या?

मंजू : तुमी जाता काय? माफी मांगाले?

वसंता : माफी नाई मांगत. माफी मांगतली तर ते म्हणन, जाऊ द्या काकाजी, आन् माहं काम झालं. तेवढं सस्तं नाई करत मी.

मंजू : मंग जाऊन करता काय?

वसंता : तिनं देल्लेला तो कागद म्या वाचलाच नोता, मंजू. त्याच्यात काय काय लिहून होतं, तेवढं इचारतो.